सायकल तिने निवडली होती

आत्या गेल्याचं मी त्या दिवशी ज्याला ज्याला फोनवर सांगितलं, त्या जवळजवळ प्रत्येकाने पहिला प्रश्न एकच विचारला. "सायकलवर होती का?" कोणी ट्रकचं नाव घेतलं, कोणी बोईसरच्या रस्त्याचं. मी सांगत होते, नाही, घरीच होती, रविवार होता, जेवून गॅलरीत खुर्चीवर बसली होती, शेजारच्या वहिनी वाटी परत द्यायला आल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. माझं उत्तर त्यांच्या प्रश्नात बसायचं नाही. मग हळूच यायचं, "तरी पण, या वयात एवढी सायकल..." उमरोळीच्या त्या दोन खोल्यांत मी आत्याच्या पायाशी बसले होते. डॉक्टर येऊन गेले होते, सातपाटीहून आबा, म्हणजे आत्याचे वडील, निघाले होते, आणि मला रडू यायच्या आधी राग आला. काही आठवडे झाले, तो अजून उतरलेला नाही.

दहाव्याला सातपाटीच्या किनाऱ्यावर सगळे जमलो तेव्हा बाळूकाकांनी, म्हणजे आबांच्या चुलतभावांनी, सगळ्यांच्या मनातलं मोठ्याने बोलून टाकलं. "सायकलीनं नेली पोरीला. छातीवर ताण आला. बाईमानसाचं काम हाय का ते?" वाईट हेतूने बोलले नाहीत ते, त्यांचेही डोळे भरलेलेच होते. पण ते बोलले आणि तिथल्या सगळ्या माना आबांकडे वळल्या. कारण गावात सगळ्यांना ठाऊक होतं, सुनंदाला ती सायकल तिच्या बापाने घेऊन दिली होती. आबांनी स्वतःच चार वर्षं हे गावभर सांगितलं होतं. आबांनी वाळूत बघितलं, आणि घरी आल्यावर मला एवढंच म्हणाले, "ती सायकल इकडे आनू नको. विकून टाक, देऊन टाक, मना दाखवू नको."

आबांनी ती सायकल घेऊन दिलेली नव्हती. हे मला माहीत आहे, कारण सायकल निवडली तेव्हा मी तिच्याबरोबर होते. म्हणून हे लिहिते आहे.

सुनंदाआत्या माझ्या बाबांची मोठी बहीण. सातपाटीच्या तांडेलाची, म्हणजे मासेमारीच्या होडीवरच्या म्होरक्याची, मुलगी, पालघरला रसायनशास्त्र शिकली आणि बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधांच्या कारखान्यात तपासणीच्या लॅबमध्ये लागली. लग्न केलं नाही. "झालं नाही" असं कोणी म्हटलं की ती शांतपणे दुरुस्त करायची, "केलं नाही." आमचं घर पत्रकांचं. खाडीचं पाणी, मेलेली मासळी, बोटींचे प्रश्न... बाबा लिहायचे, आई छापून आणायची, आणि मी अक्षरं शिकले ती पत्रकांच्या घड्या घालता घालता. आत्या कारखान्याच्या आत होती आणि आम्ही फाटकाबाहेर पत्रकं वाटत होतो. पण प्रत्येक पत्रक छापायला जाण्याआधी ती वाचायची. "'जहरी' तीनदा आलंय," ती बाबांना म्हणायची. "एकदा पुरे. आणि सगळ्याला ॲसिड म्हणू नकोस, ते तुला उद्या खोटं पाडतील." बाबा चिडायचे आणि खोडायचे. मला ती 'पत्रके' म्हणून हाक मारायची, आडनाव असल्यासारखी. "काय पत्रके, आज कोणाचा निषेध?"

चाळिशी उलटल्यावर तिला साखर निघाली. डॉक्टरांनी व्यायाम करा म्हणून सांगितलं. कंपनीची बस उमरोळीच्या नाक्यावरून तिला उचलायची आणि नाक्यावर सोडायची. लॅबमध्ये दिवसभर स्टुलावर बसणं, घरी येऊन पुन्हा बसणं. बोईसरच्या एका जिममध्ये तिने महिनाभर पैसे भरले. मग एके दिवशी म्हणाली, "बसमध्ये बसून जिमला जायचं आणि तिथे जागच्या जागी उभी असलेली सायकल मारायची. हे कोणाला सांगितलं तर लोक हसतील गं." त्यातून तिच्या डोक्यात आलं की कामावर जाणं आणि व्यायाम या दोन गोष्टी एकच करता येतील. रस्ता सपाट, अंतर अंगाबाहेरचं नाही, आणि पहाटेच्या पाळीला तिने रोज पाहिलं होतं, कितीतरी माणसं याच रस्त्याने सायकलीवर कामाला जात होती. फक्त त्यांत लॅबमधलं कोणी नव्हतं, आणि बाई तर नव्हतीच.

सायकल निवडायला तिने जवळजवळ पावसाळा घालवला. आमच्याकडे माणसं जावई याहून लवकर पसंत करतात, असं आई म्हणायची. आम्ही विरारच्या एका मोठ्या दुकानात गेलो. तिथल्या तरुण विक्रेत्याने तिच्याकडे एकदा बघितलं आणि सरळ पुढे टोपली लावलेली, गुलाबी पट्ट्यांची सायकल काढली. "मॅडम, लेडीजमध्ये ही बेस्ट." आत्याने ती उचलून बघितली, खाली ठेवली. "लेडीजला एवढं वजन कशाला उचलायला लावता?" मग त्याने जाड टायरची, पुढे शॉकअप असलेली दाखवली. ती आत्याने दुकानासमोरच्या रस्त्यावर लांबपर्यंत चालवली आणि परत आल्यावर म्हणाली, "पाय मारला की पुढचा भाग खाली बसतो. माझी अर्धी ताकद ते स्प्रिंगच खातंय. मला डोंगरावर जायचं नाहीये हो." मग आली शर्यतीची, मेंढ्याच्या शिंगांसारखा खाली वळलेला हँडल. तीही तिने चालवली. वाकून बसल्यावर मान दुखते आणि ट्रक मागून आला की मान वळवून बघता येत नाही, असं तिचं म्हणणं पडलं.

"मग मॅडम, तुम्हाला नक्की पाहिजे काय?" त्याने विचारलं. उद्धटपणे नाही, खरंच कळेना म्हणून.

"मला शर्यत जिंकायची नाही, डोंगर चढायचा नाही, बाजारहाटही करायचा नाही. मला कामावर वेळेत पोचायचंय आणि वाटेत दम लागायला हवाय."

तेव्हा त्याने आतून ती काढली. अंगाने शर्यतीची, हलकी, शॉकअप नसलेली. पण हँडल सरळ दांड्याचा, म्हणजे बसायचं ताठ आणि बोटं कायम ब्रेकवर. टायर ना जाड ना बारीक. करड्या रंगाची, नाव घ्यावं असं तिच्यात काही नव्हतं. आत्या तिच्यावर बसून गेली ती इतका वेळ आलीच नाही की तो विक्रेता रस्त्यावर जाऊन उभा राहिला. आली तेव्हा घामाने भिजली होती आणि हसत होती. तरी तिने लगेच घेतली नाही. मागे कॅरिअर आणि मडगार्ड बसवायला भोकं आहेत का, ते खाली बसून बघितलं. दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभी राहिली आणि म्हणाली, हे माप मोठं आहे, एक लहान आणा. तो म्हणाला, चालेल हो, सीट खाली घेऊ. "सीट खाली येईल. हँडल जवळ येईल का?" लहान माप मागवायला लागलं. आम्ही हात हलवत परत आलो आणि पुन्हा गेलो.

परतताना मी तिला टोचलं. मी तेव्हा कॉलेजात होते आणि माझ्याकडे प्रत्येक गोष्टीवर मत तयार असायचं. म्हटलं, कामगार काळ्या जड सायकली मारतात आणि तू त्याच रस्त्यावर ही मिरवणार, हा बाजाराने शिकवलेला शौक आहे. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पत्रके, कामगाराने जड सायकलच मारावी असं तुमच्या कुठल्या पत्रकात लिहिलंय? मला वाचायचंय."

सायकल आली त्या आठवड्यात ती आबांना दाखवायला सातपाटीला घेऊन गेली. आबांनी ती एका हाताने उचलली. "ही तर पापलेटच्या पाटीपेक्षा हलकी हाय," ते म्हणाले आणि लगेच कामाचं बोलले. "लोखंड?" आत्या म्हणाली, सांगाडा ॲल्युमिनियमचा आहे, बाकी थोडं लोखंड. "मंग खारं खानार." त्यावर त्यांनी काय ठरवलं ते आम्हाला सकाळी कळलं. लाकडी होडीला मोरी माशाच्या काळजाचं तेल चोपडतात, म्हणजे खाऱ्या पाण्यात लाकूड टिकतं. आमची लाकडी होडी जाऊन फायबरची आली त्याला कितीतरी वर्षं झाली, पण आबांनी त्या तेलाचा डबा टाकला नव्हता. पहाटे उठून त्यांनी होडीला लावतात तसं ते अख्ख्या सायकलीला लावलं. सांगाड्याला, साखळीला, आऱ्यांना, आणि जिच्यावर ब्रेक धरतो त्या चकतीला तर दोनदा, कारण ती लोखंडाची होती. आत्या सकाळी निघाली, उतारावरून किनाऱ्याकडे वळली, ब्रेक दाबला... आणि सायकल तशीच पुढे. शेजारच्या हिराकाकीच्या बोंबील वाळवायच्या काठ्यांमध्ये ती सरळ आत शिरली. अंगावर ओले बोंबील, मागे गावातली सगळी मांजरं.

"नंदे, सायकलीला न्याहारी द्यायला आलीस काय?" हिराकाकी ओरडली. "मंग विचारून तरी घ्यायचं."

पालघरच्या मेकॅनिकने नाक रुमालाने बांधून ब्रेकचे पॅड बदलले. आठवडाभर आत्या लॅबमध्ये गेली की लोक खिडक्या उघडत. पण गावात त्या दिवसापासून चर्चा वेगळीच सुरू झाली. तांडेलाची एवढी शिकलेली पोर, पँट घालून सायकलवरून पडते काय, या वयात हे काय नवीन, लग्न नाही केलं म्हणून हे सुचतं. बाळूकाका आणि आणखी दोघं आबांच्या ओटीवर येऊन बसले, समजवायला. मी आत होते. आबांनी त्यांचं सगळं ऐकलं आणि म्हणाले, "सायकल मी घेऊन दिली. माजी पोर हाय, माजी सायकल हाय. कोनाला काय बोलायचं ते मना बोला."

विषय तिथेच मिटला. बापाने दिली म्हटल्यावर गाव गप्प बसलं. आत्याला हे कळलं तेव्हा ती हसली. "माझ्या पगाराची, माझ्या निवडीची, आणि नाव त्यांचं," ती मला म्हणाली. मी म्हटलं, सांग ना मग खरं. ती म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्यासाठी खोटं बोललेत. राहू दे." ती राहू देऊ शकली. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि आज तर अजिबात पटत नाही. बाईने केलेली निवड गावाला पचावी म्हणून तिच्यावर बापाचं नाव घालावं लागतं, आणि ती मेली की त्याच नावाचा दोष बापाच्या गळ्यात पडतो. ज्या गावाने हे खोटं मागितलं, त्याच गावाने दहाव्याला माना वळवल्या.

कारखान्यात पहिल्या दिवशी सुरक्षारक्षकाने तिला पुढच्या फाटकावर थांबवलं. "मॅडम, साइकिल पीछे के गेट से." पुढच्या फाटकातून मोटारी आणि मोटरसायकली आत जायच्या, त्यांना छप्पर होतं. सायकली मागे, उघड्यावर, पावसात. दोन दिवसांनी कुठल्याशा साहेबांनी निरोप पाठवला, मॅडमची सायकल महागाची आहे, पुढे लावू द्या. आत्या मागच्याच फाटकातून जात राहिली. दर महिन्याच्या सुरक्षा बैठकीत ती एकच मुद्दा मांडायची, सायकलींना छप्पर. तिसऱ्या पावसाळ्याआधी छप्पर आलं, तेही अर्ध्या जागेवर. त्यानंतर ती स्वतःची सायकल उघड्या अर्ध्यातच लावायची. मी विचारलं, भिजवतेस कशाला, एवढी जपून घेतलेली? म्हणाली, "मी आत लावली तर त्यांना वाटेल काम पुरं झालं." उरलेलं अर्धं छप्पर अजून आलेलं नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

तिची साखर उतरली, वजन उतरलं, गोळ्या कमी झाल्या. ते चांगलंच. पण ती मला सांगायची ते वेगळंच असायचं. कामाला जाणाऱ्यांनी तिला दीदी म्हणायला सुरुवात केली होती. उमरोळीच्या पुढे समोरचा वारा लागला की ती एखाद्या उंच माणसाच्या मागे सायकल लावायची, म्हणजे वारा तो खातो. एकदा तो माणूस मागे वळून म्हणाला, "दीदी, कल आप आगे।" तेव्हापासून पाळी ठरली, एक दिवस तो पुढे, एक दिवस ही. हवा वाईट होती, कधी कधी घसा जळायचा. "तू ही हवा मुद्दाम छातीत भरतेस," बाबा म्हणायचे. ती म्हणायची, "बसमधल्यांची हवा काय वेगळ्या खाडीवरून येते? हवेविरुद्ध पत्रक काढ. सायकलीविरुद्ध काढू नकोस."

ती गेल्यावर मी तिच्या डॉक्टरांना जाऊन विचारलं. सरळ विचारलं. ते म्हणाले, साखर कळायच्या कितीतरी आधीपासून शरीरात असते, हृदयाच्या नळ्यांना तेव्हापासूनच त्रास झालेला असणार. "सायकल नसती तर काय झालं असतं, ते मला सांगता येणार नाही. पण सायकलीमुळे झालं, असं कोणी म्हणत असेल तर माझ्याकडे पाठवा." मला हे उत्तर आवडलं, कारण त्यात खोटा दिलासा नव्हता. आणि खरं सांगायचं तर, सायकलीने तिचा एक दिवसही वाढवला नसेल असं धरून चाललं, तरी माझं म्हणणं बदलत नाही. आयुष्याचा हिशेब शेवटच्या दिवसावरून मांडायची ही कुठली पद्धत? बसने जाणारी माणसं मरतात तेव्हा बसने नेलं असं कोणी म्हणत नाही.

उमरोळीची जागा रिकामी करायची वेळ आली. आबांनी सांगितलं होतं, दाखवू नको. मी सायकलीत हवा भरली आणि उमरोळीहून पालघर, पालघरहून शिरगावच्या बाजूने थेट सातपाटीला गेले. आबा ओटीवर होते. त्यांनी मला बघितलं, सायकल बघितली आणि तोंड फिरवलं.

"नको म्हनलो होतो."

"हो. तरी आणली."

"मी दिली तिला," ते म्हणाले. भिंतीकडे बघत. "मी दिली आनि ती गेली."

"तुम्ही नाही दिली, आबा."

"सगल्या गावाला सांगितलं मी."

"गावाला सांगितलंत. मला नका सांगू. मी दुकानात होते."

ते माझ्याकडे वळले. मग त्यांनी विचारलं, जे त्यांनी चार वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. "काय बोलली दुकानात?"

मी सगळं सांगितलं. गुलाबी सायकल, स्प्रिंग, मेंढ्याची शिंगं, विक्रेता रस्त्यावर जाऊन उभा राहिला ते. आबा मध्येच थांबवत होते. "लांबवर नेली चालवून? एकटीनं?" "मंग पैलं माप नाय घेतलं?" "दोनदा गेली विरारला?" होडी घ्यायला गेलेल्या माणसाने काय काय तपासलं, हे ऐकून घ्यावं तसे ते ऐकत होते. मापाचं सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली. "बरोबर केलं," म्हणाले. "मोठं माप कशाला घ्यायचं? दुसऱ्याच्या अंगाचं." मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आणि मीही मग रडू आवरलं नाही.

हिराकाकी पाटी घेऊन समोरून चालली होती. सायकल बघून थबकली. "आबा, परत आनली ती? तुमी नंदीला दिलेली?"

आबा उठून उभे राहिले. "मी नाय दिली. मी खोटं बोललो होतो. तिनं घेतली. सगल्या चालवून बघितल्या आनि ही घेतली."

"मंग तवाच नाय सांगायचं?"

"तवा तुमी तिला बोलला असता."

"आनि आता बोललो तर?"

"आता बोला," आबा म्हणाले. "ऐकायला मी हाय."

हिराकाकीने पाटी डोक्यावर सारखी केली आणि ती गेली. बाळूकाकांपर्यंत ही गोष्ट जेवणवेळेच्या आत पोचली असणार, आणि पोचावी म्हणूनच आबांनी ती रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितली होती.

सायकल आता माझ्याकडे आहे. विकली नाही. घरातल्या कोणी सुचवलं होतं की भिंतीला टांगून हार घालू. तोही घातला नाही. मी तिच्यावर पालघरहून बोईसरला कामाला जाते. आत्या बुटकी होती, मी नाही. सीट वर करून घेतली तरी हँडल मला जवळ पडतो, कोपर दुमडावे लागतात, आणि उमरोळी येईपर्यंत उजवा गुडघा बोलायला लागतो. मेकॅनिक म्हणाला, ताई, ही तुमच्या मापाची नाही, तुम्हाला कधीच बरोबर बसणार नाही. बरोबर बोलला तो. माझी मी कधीतरी घेईन, अशीच, सगळ्या चालवून बघून. तोवर रोज सकाळी गुडघा दुखायला लागला की मी पाय मारत राहते. ही सायकल दुसऱ्या कुणाच्या अंगासाठी निवडलेली आहे, आणि ती कोणी निवडली हे त्या दुखऱ्या गुडघ्याला पक्कं ठाऊक आहे.